सारख्या अक्षराची भीती

तुम्ही मला रोजनिशीवरून चिडवता ना, मग वाशीमच्या कोर्टात काय झालं ते ऐका. शेजाऱ्याने माझ्या वावराचा रस्ता अडवला. तिथून माझी बैलगाडी वर्षानुवर्षे जाते, याचा पुरावा म्हणजे फक्त माझ्या रोजनिशीच्या वह्या. रस्ता गेला तर वावर पडीक पडेल.

शेजाऱ्याने अक्षरतज्ज्ञ आणला. तो साक्षीत म्हणाला, "एआयने वह्या तपासल्या. रोजच्या लिहिण्यात अक्षर इतकं सारखं येत नाही. हे सगळं एका बैठकीत लिहिलेलं आहे."

माझे वकील हळूच मला म्हणाले, "भाऊ, कायले एवढं सुंदर लिवता तुमी?" मग त्यांनी उठून तज्ज्ञाला विचारलं, "आणि तुमचं स्वतःचं मत?"

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. "तेच."

न्यायाधीशांनी मला तिथेच बसवून वहीतलं एक पान पुन्हा लिहायला सांगितलं. सगळे माझ्या बोटांकडे पाहत होते. हात असा कापायला लागला की एकही ओळ सरळ येईना. तज्ज्ञाने त्या कागदाचा फोटो काढला, लॅपटॉपवर तपासला आणि शांतपणे सांगितलं, "या वह्या यांनी लिहिलेल्याच नाहीत."

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "पुढच्या तारखेले पुन्हा लिवून मागू. हात नका कापू देऊ."

मी विचारलं, "अन् नाही कापला, अक्षर सारखंच आलं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मंग तो म्हणन, पाहा साहेब, एका बैठकीत असंच येते."