मी उठलो, की कोल्बी सुधारतो

...नाही, पण तुम्हीच सांगा, संघ चांगला झाला म्हणून एखाद्याचं वाटोळं झालेलं पाहिलंय कधी? माझं झालंय! गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या बेसबॉल संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, काय सांगू, चेंडू फलंदाज सोडून सगळीकडे जायचा... पंचांकडे, पार्किंगमध्ये, एकदा तर सॉसेज भाजणाऱ्या बाईंच्या तव्यावर. शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत पहिल्या पिचरची गच्छंती, मग दुसऱ्याची, की आलाच माझा नंबर. वाईट टाकायचो, पण टाकायचो तरी.

आणि यंदा आले कोच ओडेल. आवाज इतका हळू की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. आल्या आल्या त्यांनी चेंडूचा वेग मोजायचं यंत्र उचललं आणि स्वतःच्या ट्रकमध्ये कुलपात टाकलं. "किती जोरात, ते नंतर बघू. कुठे, ते आधी." दोन खांब, मध्ये दोऱ्यांची चौकट, त्यातून चेंडू घालवायचा. रोज! बाहेर नेब्रास्काचा बर्फ, म्हणून गुरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये. आमचा पहिला पिचर कोल्बी, ज्याचा चेंडू धान्याच्या कोठारालाही लागायचा नाही, तो मार्चपर्यंत सुईत दोरा ओवल्यासारखा टाकायला लागला. मीही सुधारलो हो, पण उपयोग काय? कोल्बीच शेवटपर्यंत पुरतो म्हटल्यावर राखीव माणसानं काय, सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या?

त्यात कोचना माझा वेगळाच उपयोग सापडला. कोल्बी डगमगला, की ते माझ्याकडे बघून टोपीला हात लावणार. म्हणजे, लाइल, ऊठ, कुंपणाकडेला चार चेंडू टाकून हात मोकळा कर. समोर झेलायला जाडा वेंडेल, त्याचं कामच ते. मग कोल्बी मान वळवून बघणार, 'टपलाय मेला माझ्या जागेवर', आणि लागलाच नीट टाकायला. झालं, मी परत बाकावर. मी उठलो, की तो सुधारतो!

शेवटी विचारलं, "कोच, मी पिचर आहे की बुजगावणं?"

तर म्हणतात कसे, "पीक कुणामुळे वाचतं रे?"

बरं, आली घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. व्हिल्मा आजी कोलाचींचा, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांचा, डबा घेऊन अर्धं राज्य गाडी हाकत आली. "मरायच्या आधी तुला एकदा खऱ्या मॅचमध्ये टाकताना बघू दे रे." ठणठणीत आहे बाई, पण बोलते असं. हसू नका, पण मी त्या दिवशी बाकाला चिकटूनच बसलो.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं पुढे, एक गडी बाद करायचा राहिलेला, आणि कोल्बी डगमगला. त्यांचा एक जण बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवर. कोचचा हात टोपीला. मी बुटाची नाडी बांधतोय. दुसरा बेसवर. पुन्हा टोपी. मी आकाशातले हंस बघतोय... किती छान उडतात नाही? तिसरा. तिन्ही बेस भरले, आता एक फटका की मॅच गेली, टोपी झिजायची वेळ आली, तेव्हा कोच मैदानात गेले, कोल्बीच्या हातातून चेंडू काढला आणि बोट माझ्याकडे केलं.

गेलो. कोचनी चेंडू हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बांधून झाली का नाडी?"

दोऱ्यांची ती चौकट मनातच धरली, पण पहिला चेंडू चौकटीबाहेर. दुसरा त्याहून बाहेर. सहज कुंपणाकडे नजर गेली, तर तिथे कुणीतरी उठलंय! धाडधाड चेंडू टाकतंय जाळीवर! माझ्या जागेवर? माझ्या आजीच्या समोर? असा संताप आला म्हणून सांगू... तीन चेंडू, तिन्ही जणू थेट त्या दोऱ्यांमधून, आणि तिन्ही त्याला हुकले. फलंदाज बाद, मॅच खिशात. मग नीट बघतो तर काय, तो वेंडेल! जन्मात मॅचमध्ये एक चेंडू टाकलेला नाही त्यानं! आणि कोच शांतपणे टोपी नीट करतायत.

धावत आजीकडे गेलो. डोळे पुसत होती बिचारी. माझ्या तोंडात कोलाची कोंबली, गालावरून हात फिरवला.

"छान टाकलंस हो," म्हणाली. "पण तो कुंपणाकडचा जाडा पोरगा काय टाकत होता रे! त्याला का नाही आणत कधी?"

घास गिळला आणि म्हटलं, "आजी, तो उठला, की मी सुधारतो."