लेकरू कशानं पळतं?

मंडळी, आधी एक सांगा, मग टाळ वाजवा! लेकरू पळतं कशानं? बक्षिसानं? धाकानं? — त्या खांबाजवळच्या काकू म्हणतात, 'आमचं तर अभ्यासाला हाक मारली की पळतं, उलट्या दिशेनं!' हसा, हसा! पण सुमेधाला हा प्रश्न पडला, आणि ती पार गोंधळून गेली.

कोण सुमेधा? वरूडकडच्या एका गावात शेषराव गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची ही एकुलती लेक. कॉलेजात शिकवणारी. वाचन दांडगं, बोलणं मोजकं.

तो शेवटचा साधा दिवस ऐका. संध्याकाळी गुरुजी नेहमीसारखे फक्कीचा डबा घेऊन निघाले — आट्यापाट्यांचं मैदान आखायला! चुन्याच्या आडव्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक जण हात पसरून उभा. बाकीच्यांनी त्याला चुकवून पलीकडे पळायचं.

सुमेधा म्हणाली, "बाबा, गुडघ्याला पट्टा बांधलाय तुम्ही. आज नुसतं खुर्चीवर बसा."

"खुर्चीवर तू बसतेस की, सुमे! दोघांनी बसून कसं चालेल?"

ती बसलीच, मैदानाच्या कडेला, पुस्तक घेऊन. लहानपणापासून तिथंच बसायची. मैदानात आरडाओरडा चालायचा, हिची नजर पुस्तकात — पण पान काही उलटायचं नाही!

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजींच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

तेरावं झालं. मैदान ओस. सुमेधाच्या मनानं घेतलं — खेळ थांबता कामा नये. खेळ थांबला, तर बाबा दुसऱ्यांदा जातील! रजा वाढवली. शिट्टी आणली, बक्षिसाचे चकचकीत कप आणले. पोरं आली. मग बाईंनी भाषण केलं — हाडं, फुप्फुसं, रक्ताभिसरण! अहो, भाषण ऐकून पाय पळतात का? पळतात — घराकडे!

दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं. पुढच्या आठवड्यात चार. सुमेधाला काही कळेना. पाट्या त्याच, फक्की तीच, मग चुकतंय कुठं? बाबा तर साधं बिस्कीटसुद्धा वाटत नव्हते! रडावं तर रडूही येईना. शिट्टी हातात धरून नुसती उभी.

मंडळी, आता जरा गोकुळात चला. देव गोपाळांत आला, तो काय काठावर शिट्टी घेऊन उभा राहिला? नाही! डाव त्याच्यावरही यायचा. पेंद्या त्याला म्हणायचा, 'कान्ह्या, चल, आता तुझ्यावर राज्य!' देवाला लाज नाही वाटली. आपल्याला वाटते!

तर त्या चार पोरांत एक रेणू होती, बोलायला फटकळ. सुमेधानं विचारलं, "काय गं, बाकीचे का येत नाहीत?"

"मजा नाही येऊन राहिली, मॅडम. गुरुजी आमच्यासंग पळत. पडत बी. आम्ही त्यांना बाद करत होतो! तुम्ही तं नुसत्या पाहूनच राहता."

"मग ते तुम्हाला बोलवायचे कसे?"

"बोलवत कुठं होते? ज्याला खेळायचं त्यानं पुढं येऊन म्हणायचं, मला घ्या. असंच होतं आमचं."

"आणि कुणी म्हटलंच नाही तर?"

रेणूनं खांदे उडवले. "मग गुरुजी वाट पाहत. शेवटच्या पाटीवर कोणालेच उभं राहू देत नव्हते. म्हणत, राहू द्या, येईल कोणी."

"कोण?"

"मले काय माहीत? आलंच नाही कोणी."

सुमेधा शेवटच्या पाटीकडे बघत राहिली. ती पाटी तिच्या खुर्चीच्या अगदी समोर! बाबांनी ती तिच्यासाठी ठेवली होती? की सहज, गडी कमी पडत म्हणून? आता सांगणार कोण? मलाही ठाऊक नाही, मंडळी, आणि मी खोटं सांगणार नाही. तिला एवढंच कळलं — आपण जन्मभर रुसून बसलो, की बाबा साऱ्या गावच्या पोरांना खेळवतात, मला एकदाही हाक मारत नाहीत. आणि ते तिकडे पळता पळता वाट बघत होते. कुणाची का असेना!

तुम्ही हसू नका आता. घरी पोराला ओरडता ना — मोबाईल ठेव, जरा बाहेर जा, पळ! आणि तुम्ही कुठं असता? ओट्यावर! उद्या संध्याकाळी उठाल? पोरं तुम्हाला बाद करतील, चिडवतील, पोट सुटलंय म्हणतील. चालेल?

सुमेधा उठली. चपला काढल्या, पदर खोचला. पन्नाशीची बाई, जन्मात कधी पळाली नव्हती. रेषेपाशी जाऊन उभी राहिली. पोरं टकामका बघायला लागली. तिची नजर मात्र पोरांवर नव्हती, त्या रिकाम्या शेवटच्या पाटीवर होती. मग म्हणाली —

"बाबा, मला घ्या ना!"