आधी समोरच्याचं सांग

मंडळी, दारात उभे आहेत त्यांनी आत या. सतरंजीवर जागा आहे. वर्तक सर असते तर आधी हेच म्हणाले असते.

मला बोलायला उभं केलंत खरं, पण मी काही वक्ता नाही. बर्फाच्या कारखान्यात आयुष्य गेलं माझं. मशिनवर आवाज चढवून बोलायची सवय. हळू बोलता येत नाही, आणि आज मोठ्याने बोलवत नाही. सांभाळून घ्या.

सर गेले. छातीच्या तपासणीसाठी मुंबईला निघाले होते. रेवसच्या धक्क्यावर, लाँचमध्ये पाय ठेवायच्या आधीच कोसळले.

माझ्याआधी बोलले ते सगळे म्हणाले, सर देवमाणूस होते. सरांना हे चाललं नसतं. "देवमाणूस म्हणजे काय रे?" असं विचारून आपल्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं असतं.

त्यांचा शनिवारचा तास आठवतो ना? शाळेची भिंत आणि माझ्या कारखान्याची भिंत, मध्ये सायकल जाईल एवढी बोळ. शाळा सुटली की नववी-दहावीची पोरं मागे थांबायची. ज्यांना हवं ती. पुस्तक नाही, फळा नाही, परीक्षा नाही. नुसता एक प्रश्न. आजोबांनी लावलेल्या माडावर हक्क कुणाचा, नातवाचा की रोज पाणी घालणाऱ्याचा? खोटं बोलून कुणाचं भलं झालं, तर ते खोटं वाईट का?

मी सहावी नापास. पण कान तिखट आहेत. मशिन बिघडणार हे मला आदल्या दिवशी ऐकू येतं. म्हणून त्या वर्गातून काहीच ऐकू येईना, तेव्हा घाबरून खिडकीशी गेलो. म्हटलं, मास्तर झोपले की काय. बघतो तर पोरं गप्प, सरही गप्प.

"सर, बरं नाही का?"

"शेठ, प्रश्न टाकलाय. मुरू दे."

हा पहिला नियम. प्रश्न पडला की आधी गप्प. दुसरा नियम अवघड. कुणाचं खोडायचं असेल तर आधी त्याची बाजू मांडायची. अशी, की त्यानेच मान हलवली पाहिजे, हो, हेच म्हणायचं होतं मला. तोवर तुला तुझं बोलायचा हक्क नाही. आधी समोरच्याचं सांग. आधी समोरच्याचं सांग. भिंतीपलीकडून हे इतकं ऐकलं, की गिऱ्हाइकाशी भांडताना माझ्याही तोंडात यायला लागलं. धंद्याला ते फारसं मानवलं नाही म्हणा.

एकदा मी सरांना डिवचलं. म्हटलं, ह्या तत्त्वज्ञानाचा पोरांना उपयोग काय?

"शेठ, बर्फाचा उपयोग काय? वितळूनच जातो."

"वितळतो, पण तोवर बोटीतलं म्हावरं सडत नाही."

"मग झालं तर," म्हणाले, आणि माझाच चहा पिऊन गेले.

मंडळी, आता जे बोलणार आहे ते इथे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि कुणी बोलत नाही.

गेल्या हंगामात जनूशेठची बोट बाहेर पडली. बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता, तरी पडली. बोट हाकणारा हरेश तांडेल परत आला नाही. त्याची पोर निकिता, ती तिथे खांबाला टेकून बसली आहे, दहावीत. अख्खं बंदर तिच्या आईला एकच सांगत होतं: नशिबात होतं. आणि एका शनिवारी पोरीने प्रश्न टाकला.

"सर, सगळं नशिबात असतं, तर मग बावटा कशाला लावतात?"

मी मशिन बंद केलं. मला ऐकायचं होतं.

बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "आधी जनूशेठचं सांग."

पोर भडकली. "माझा बाबा गेला, आणि बाजू त्यांची मांडू?"

"होय बाळा. आणि मान त्यांनी हलवायची आहे. चल, मी येतो बरोबर."

मला तेव्हा हे निर्दयपणाचं वाटलं. खरं सांगतो, अजूनही कधी कधी वाटतं.

ते दोघं जनूशेठच्या अंगणात आले, तेव्हा मी तिथेच होतो, बर्फाचं ठरवायला आलेलो. पोर उभी राहिली आणि म्हणाली, "जनूकाका, तुमचं म्हणणं मला असं वाटतं. बावटा सारखाच लागतो, वादळ दर वेळी येत न्हाय. बोट उभी राहिली तर खलाशांच्याच चुली विझतात. बाबा स्वतः जातो म्हणाला, तुम्ही ढकललं न्हाय. आणि सगळं बंदर नशीब म्हणत असताना तुम्ही एकट्याने वेगळं काय म्हणायचं? बरोबर सांगितलं का मी?"

अंगणात जाळं विणणाऱ्यांचे हात थांबले.

जनूशेठ उठले. "मास्तर, पोरीला पढवून माझ्या दारात आणलंस?" आणखीही बरंच बोलले. सर ऐकत राहिले. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या कमिटीने शनिवारचा तास बंद केला. जनूशेठ अध्यक्ष.

त्यानंतर सर शनिवारी माझ्या ऑफिसात येऊन बसत. एकच विचारत, "जनूशेठ काही बोलले का?" रेवसला निघाले त्या सकाळीही रिक्षा थांबवून तेच विचारलं. मी म्हटलं, नाही सर. म्हणाले, "बोलतील. मुरतंय."

जनूशेठ, तुम्ही आज आलात, पुढे बसलात. हे सोपं नव्हतं, मला कळतं. सरांच्या नियमाने आधी तुमचं सांगतो. दहावीचं वर्ष, पोरं उलट बोलायला लागली, आईबापांच्या तक्रारी आल्या. शाळा चालवणाऱ्याला हे बघावंच लागतं. आणि आपल्याच बोटीचा तांडेल गेल्यावर तुम्हालाही झोप नसेल. चुकत असलो तर सांगा.

आता माझं. त्या दिवशी अंगणात तुमचा आवाज चढला. पण मी कान देऊन ऐकत होतो. तुम्ही पुष्कळ बोललात, फक्त "चुकीचं सांगतेस" एवढं बोलला नाहीत.

तुम्ही माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. उद्या बर्फ दुसरीकडून घ्याल, तर घ्या. पण आज एवढं सांगा. पोरीने तुमची बाजू बरोबर मांडली होती का? चूक असेल तर ती पुन्हा मांडेल. बरोबर असेल, तर आता तिची बोलायची पाळी आहे. शनिवार तिचा आहे. वर्ग उघडा. तोंडाने बोलायचीही गरज नाही. नुसती मान हलवा.

मंडळी, सरांसाठी आपण उभे राहू. किती मिनिटं ते मी सांगणार नाही, घड्याळही बघणार नाही. कुणी घाई करू नका.

प्रश्न टाकलाय. मुरू दे.