साक्षीदार मालती रंगनाथ गुंजाळ

बसा मंडळी, बसा. पुढं सरका जरा, मागच्या माउल्या खांबाआड अडकल्यात. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात सैल सोडा. आजच्या कथेत नाचायला जागा नाही. आजची कथा दमलेल्या पायांची आहे.

एक प्रश्न विचारतो. तुम्ही तुम्हीच आहात — हे कशावरून?

हसू नका! कार्ड आहे म्हणाल. कार्डावर नाव असतं, फोटो असतो. तो फोटो बघून आपली आपल्याला ओळख पटत नाही, ती गोष्ट वेगळी! पण तुम्ही कोण, हे सांगायला शेवटी माणूसच लागतो. उठता-बसता आपण म्हणतो, देव साक्षीला आहे. आहेच हो! पण देवाला सही करता येत नाही. सही माणसालाच करावी लागते. ती कोण करतं? ऐका.

निंबखेड नावाचं गाव. तिथं रंगनाथ गुंजाळ नावाचा विम्याचा एजंट. सायकल, काखेत रेक्झिनची पिशवी, खिशाला दोन पेनं. आता विमा एजंट दिसला की माणूस काय करतो? बरोबर! मागच्या दारानं शेतात जातो! पण रंगनाथ शेतातही जायचा. बांधावर बसायचा, भाकरी खायचा आणि म्हणायचा, "आप्पा, तुम्ही शंभर वर्षं जगा. पण मागच्यांचं काय, तेवढं लिहून ठेवू." अशी त्यानं तेवीस घरं जोडली.

त्याची बायको हौसा. ही त्याच्या मामाची मुलगी. म्हणजे सासू कोण? सख्खी आत्या! परकरात होती तेव्हापासून सुट्टीला याच घरी यायची. सगळं गाव तिला हौसा म्हणूनच ओळखायचं. पण लग्नात रीत झाली — तांदळाचं ताट आलं, रंगनाथानं अंगठीनं तांदळात नाव लिहिलं: मालती. जात्यावरच्या बाया काय म्हणतात?

*तांदळाचं ताट, त्यात अंगठी फिरली*
*बापाची ती हौसा, बाई, दारात उरली*

पण इथं उलटंच झालं. हौसा घरात आली आणि मालतीच दारात उरली! आत्या हाक मारायची, "हौसे!" गाव म्हणायचं, "हौसावहिनी!" मालती म्हणणारं तोंड जगात एकच. तेही चारचौघांत नाही बरं का. सायकल भिंतीला लावायची, इकडं तिकडं बघायचं, आणि हळूच म्हणायचं — "मालती, पाणी."

तीस वर्षं हे चाललं. आणि एका चैत्रात, ऐन उन्हात, सायकल चालवता चालवता रंगनाथाच्या छातीत कळ आली. बाभळीखाली बसला. बसला तो उठलाच नाही.

दिवस झाले. पाहुणे गेले. भाऊबंद म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. एजंट होता, त्याचा स्वतःचा विमा असणार. जोडलेल्या पॉलिशींचं कमिशनही वारसाला चालू राहतं." बरोबरच होतं ते. मूलबाळ नव्हतं, शेत नव्हतं. त्या माउलीचा पुढचा सगळा आधार तेवढाच.

गेली तालुक्याला. विमा कंपनीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. विधवा, म्हातारी, लंगडी, सगळ्यांची कामं जिथं असतात ते ऑफिस नेहमी वरच्या मजल्यावर का असतं हो? स्वर्गाची सवय व्हावी म्हणून असेल!

तिथं कुलथे नावाचे साहेब. माणूस वाईट नव्हता, सांगून ठेवतो. फाइल उघडली, चष्मा वर केला.

"मावशी, वारस म्हणून नाव आहे मालती रंगनाथ गुंजाळ. तुमच्या कार्डावर आहे हौसा रंगनाथ गुंजाळ."

"व्हय. मीच ती."

"कशावरून?"

"लग्नात नाव बदललं नव्हं का! समद्याच बायांचं बदलतं."

"बदललं तर कागद कुठाय?"

"तांदळात लिवलं हुतं साहेब."

"मग तांदूळ कुठायत?"

"शिजवून खाल्ले."

हसलात? साहेबही हसले. पण बाजूच्या टेबलावरचा एक जण मान वर न करता म्हणाला, "साहेब, एजंट लोक गावोगाव फिरतात. दुसरी नसेलच कशावरून? उद्या खरी मालती आली तर?"

मंडळी, नवऱ्याची चिता पेटली तेव्हा त्या माउलीनं कशाचा आधार घेतला नव्हता. तो तिथं घेतला. भिंत धरून जिना उतरली. पैसे राहिले बाजूला. तिच्या रंगनाथावर डाग आला! आणि तीही म्हणे मालती नव्हे. मग तीस वर्षं तो पाणी कुणाकडं मागत होता?

खेपा सुरू झाल्या. दुसऱ्या खेपेला लग्नपत्रिका नेली, तीत हौसा. तिसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र केलं. साहेब म्हणाले, "हे ठीक, पण हे आजचं. जोडीला जुना कागद पाहिजे." चौथ्या खेपेला बाईनं पिशवीतून काय काढलं? स्टीलचा तांब्या! त्यावर नाव घातलेलं — सौ. मालती रं. गुंजाळ, दिवाळी पाडवा. रंगनाथानं हौसेनं घेतला होता. साहेबांनी तांब्या हातात धरला, फिरवून वाचला, टेबलावर ठेवला.

"मावशी, माझा विश्वास बसला. पण फाइलीला तांब्या टाचता येत नाही हो."

पाचवी खेप, सहावी. एसटीचा कंडक्टर आता तिकीट विचारीना, नुसता मान हलवी. गुडघे सुजले. सातव्या खेपेनंतर ती जाईनाशी झाली. उंबऱ्यावर बसून राही.

*नावाची ग माझ्या, कुणा पुसावी ओळख*
*हाक मारणारा गेला, उरे दारात काळोख*

अशा एका दुपारी चंपा पारधे आली. मोलमजुरी करणारी बाई, अक्षरओळख नाही. पदराखालून कागद काढला. "हौसावैनी, भाऊ गेलं, आता कुणाला इचारू? माझ्या पालिशीची मुदत कवा सरती, बघ की."

चंपानं कागद हातातच धरला, हौसा त्यावर वाकली. तारीख शोधत नजर खाली खाली आली, आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिथं लिहिलं होतं — साक्षीदार. आणि पुढं वाकड्या, जाड, शाळेतल्या पोरीसारख्या अक्षरात सही: मालती रंगनाथ गुंजाळ. त्याच्यावर ऑफिसचा जांभळा शिक्का.

आठवलं तिला! वारसाच्या कागदावर साक्षीदार लागायचा. आणि गावात साक्षीदार कुणी होईना. "सही केली की जमीन जाती!" हे आपलं शहाणपण. तेव्हा रंगनाथ गिऱ्हाइकाला घरी आणायचा, बायकोच्या हातचा चहा द्यायचा आणि सही तिचीच घ्यायचा. चौथीपर्यंत शिकलेली. ते नाव लिहायला त्यानंच शिकवलं होतं, तांदूळ निवडता निवडता, ताटात.

तेवीस घरं! तेवीस पेट्यांत तेवीस मालती!

माउली उठली, पदर खोचला आणि दारोदार निघाली. "तुमचा पालिशीचा कागद द्या, झेराक्स काढून लगीच देते." आता मला सांगा, किती जणांनी दिला असेल?

एकानंही नाही.

का? वाईट होते? नाही हो. त्यांना रंगनाथाचीच शिकवण होती! दर घरी कागद देताना तो बजावायचा — "हा पेटीत ठेवा. कुणाच्या हातात देऊ नका. माझ्या बायकोनं मागितला तरी देऊ नका!" हे तो हसत म्हणायचा. लोकांनी हसत ऐकलं आणि मनात पक्कं धरलं. संतांनी सांगितलेलं एकही वाक्य आपण असं पाळलं नाही!

आप्पा कोलते, सत्तरीचा गडी, पेटीवरच बसला. "हौसे, तू माझ्या लेकीसारखी. पण रंगनाथाचा शबुद हाय. कागद पेटीभाईर काढणार न्हाई."

"अवं आप्पा, त्येंच्याच पायी मागतीया ना!"

"म्हणूनच न्हाई देत."

बाविसाव्या घरून ती परतली. तेविसावं घर चंपाचं, तिच्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "चंपे, त्येंनी मला चांगली अडकवली बघ."

चंपा भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "भाऊ काय म्हणालं हुतं? दुसऱ्याच्या हातात देऊ नगा. बरोबर?"

"व्हय."

"मग न्हाईच देत. कागद माझ्याच हातात ऱ्हाईल. मीच येती तालुक्याला."

अहो! वेद शिकलेल्याला सुचलं नसतं, ते अंगठेबहाद्दर बाईला सुचलं. कारण तिला कागद वाचता येत नव्हता, माणूस वाचता येत होता.

चंपा मग घरोघर फिरली. "कागद देऊ नगा. कागद घिऊन चला!" सोमवारी एसटी आली. थांब्यावर किती जण असावेत? तेवीस? चंपासकट चार. बाकीच्यांना त्याच दिवशी पाहुणे आले होते. पाहुणे किती वेळेवर येतात नाही?

तर चार माणसं, चार कागद, प्रत्येकानं छातीशी धरलेले. साहेबांनी हात पुढं केला तर चौघं मागं सरले! "लांबून बघा," चंपा म्हणाली. साहेब बिचारे खुर्चीतून उठले आणि वाकून वाकून वाचू लागले. मालती. मालती. मालती. मालती. पंचवीस वर्षांपासूनचे शिक्के, त्यांच्याच ऑफिसचे!

"मावशींना ही सही करताना तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं म्हंजी? आदी च्या दिला, मग सही केली. साखर कमी हुती," चंपा म्हणाली.

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. "मावशी, करा सही." बाईनं पेन उचललं. तिनं पेन बाजूला ठेवलं. टेबलावर, जणू तिथं ताट आहे असं समजून, बोटानं एकदा लिहिलं. मग पेन घेतलं. तेच वाकडं *ल*, तीच लांब वेलांटी.

बाजूच्या टेबलावरच्यानं आता मान वर केली. 

पंधरा दिवसांनी निरोप आला, मंजूर झालं, पावतीवर सही करायला या. गेली. बाकावर बसली. आणि साहेबांनी मोठ्यानं पुकारलं — "मालती रंगनाथ गुंजाळ!"

मंडळी, ती उठलीच नाही.

तिनं दाराकडं पाहिलं. घरी भिंतीला सायकल लागली की बघायची तसं. त्या नावानं दुसऱ्या कुणी तिला आयुष्यात हाक मारली नव्हती! साहेबांनी पुन्हा पुकारलं, हळू आवाजात. तेव्हा उठली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पाणी पायजे का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नको मावशी. सही करा." तिनं केली. साहेब म्हणाले, "पावतीला एक साक्षीदार लागेल. लिहिता येणारा."

चंपा बरोबर होती, पण तिचा अंगठा. चंपा जिन्याकडं धावली, खाली कुणी भेटतंय का बघायला. आणि जिन्यातच थबकली! पहिल्या मजल्यावरून धाप लागलेला आवाज — "सरका! सरका!" आप्पा कोलते! डोक्यावर पत्र्याची पेटी! अख्खी पेटी, कुलपासकट!

"आप्पा, हे काय?"

"कागद पेटीभाईर काढायचा न्हाई, हा शबुद. मग पेटीच आणली. उशीर झाला व्हय?"

कागदाची गरज सरली होती. पण आप्पानं पेटी खाली ठेवली, तिच्यावर बसून दम खाल्ला आणि पेन मागितलं. ज्या बाईनं त्याच्या कागदावर सही केली होती, तिच्या कागदावर त्यानं सही केली. खाली लिहिलं, निंबखेड.

पैसे मिळाले, घर चाललं. पण मालती म्हणणारं कुणी मिळालं नाही. ते कुठल्या ऑफिसात मिळतं?

मंडळी, कथा संपली, हिशोब राहिला. चार आले, पाचवा उशिरा आला. राहिले अठरा. ते कुठं गेले? मी शोधत नाही. पाहुणे आहेत म्हणालेत, तर असतील.

तुम्हाला एवढंच सांगतो. घरी गेल्यावर आपली पेटी उघडा. जमिनीचा कागद काढा, कर्जाचा काढा, लग्नाच्या नोंदीचा काढा. कुलूप उघडताना मनात भीती आली तर आप्पा आठवा. कागदाच्या अगदी खाली बघा, जिथं आपण कधी बघत नाही. तिथं कुणीतरी तुमच्यासाठी सही केलेली असेल, बहुतेक एका कप चहावर. नाव वाचा. मोठ्यानं वाचा.

आणि ते माणूस आज कुठल्या जिन्यावर, कुठल्या बाकावर बसलंय — तेवढं विचारून या. आरती आपण तोवर थांबवू.