उसना दिलेला गणवेश

प्राचार्य : …आणि खाली इथे सही. वाचून दाखवू का, मावशी?

मावशी : दाखवा बाई. चष्मा खाली बादलीपाशीच राहिला.

प्राचार्य : 'वेशभूषा स्पर्धेत विद्यार्थ्याने घातलेला सफाई कामगाराचा गणवेश मी स्वखुशीने दिला होता. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' एवढंच. तो तुमची माफी मागेल आणि प्रकरण मिटेल.

मावशी : गणवेश मीच दिला, ते खरं आहे. म्हणाला, कष्टकऱ्यांवर नाटक बसवतोय. मला मेलीला बरं वाटलं. धुऊन, इस्त्री करून दिला. बटण तुटलं होतं तेसुद्धा लावलं.

मुलगी : आणि तोंडाला बूटपॉलिश फासलं, तेही तूच दिलंस का?

प्राचार्य : मध्ये बोलू नकोस. तक्रार तू केलीस, ती मी ऐकली. पण ज्यांची नक्कल झाली त्यांचंच काही म्हणणं नसेल तर… आणि मावशींना अगं-तुगं काय करतेस?

मुलगी : आई आहे माझी.

प्राचार्य : तीन वर्षांत एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत दोघी.

मावशी : मीच सांगितलं होतं तिला, कॉलेजात ओळख दाखवायची नाही म्हणून. जिन्यात समोरासमोर आलो तर मी फरशीकडे बघायचे. आमच्या रंगावरून तिला आधीच काय कमी ऐकावं लागतं? त्यात आई झाडूवाली कशाला.

प्राचार्य : मुलांची मजा होती हो. मी स्वतः होते तिथे.

मुलगी : होतात ना. पहिलं बक्षीस तुमच्याच हातून मिळालं त्याला.

प्राचार्य : निकाल परीक्षकांचा होता. आता चौकशी लावली तर माझ्यापासून सगळे अडकतील. मुलाचं शेवटचं वर्ष आहे.

मुलगी : माझंही शेवटचंच आहे. त्याला काढून टाका असं मी म्हटलेलं नाही, मॅडम. बक्षीस परत घ्या. चूक झाली असं कॉलेजने लिहून द्यावं. आणि प्रत्येक वर्गात येऊन सांगा, ती चूक का आहे ते.

मावशी : अगं, हातावर पोट आहे आपलं. उद्या कंत्राटदार दुसरी बाई आणून उभी करेल. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी बेसिनं काळीकुट्ट झाली होती, ती घासताना मला वाटलं, नाटकवाल्यांनी रंग सांडला. अर्धा तास घासत होते. झालं ते झालं. आणा पेन.

मुलगी : आई, सही करू नकोस.

प्राचार्य : सही नाही केलीत तर समितीपुढे यावं लागेल. तिथे व्हिडिओ लावतील सगळ्यांसमोर. बघवेल तुम्हाला?

मावशी : मी अजून पाहिलाच नाही तो. आत्ताच दाखवा. कशावर पांघरूण घालतेय ते तरी कळू दे.

मुलगी : नको, आई.

मावशी : का गं? इतका वेळ सही नको म्हणत होतीस, आता बघूही नको?

(प्राचार्य फोन टेबलावर ठेवतात. व्हिडिओतून टाळ्या, शिट्ट्या, हसण्याचा गलका.)

मावशी : ओठ केवढे रंगवलेत… आमच्या लोकांसारखा हेल काढून बोलतोय. थांबवा. जरा मागे घ्या. हां, इथे. परत लावा.

प्राचार्य : काय झालं?

मावशी : हे हसणं. शेवटी श्वास अडकतो बघा. ही लहानपणापासून अशीच हसते.

मुलगी : आई…

मावशी : सगळे हसत होते, घाबरून हसली असशील. होतं असं.

मुलगी : नाही. खरंच हसू आलं मला. आपल्यासारखंच सोंग समोर होतं आणि मला हसू आलं. मग त्याने हात वर केला. काखेत ठिगळ दिसलं, मी शिवलेलं. तेव्हा कळलं, तो तू झालाय.

प्राचार्य : म्हणजे तक्रार करणारीच हसत होती. मावशी, आता तरी सही करून टाका. चौकशीत तुमच्या मुलीचीच शोभा होईल.

मुलगी : होऊ दे. हसणाऱ्यांत माझंही नाव लिहा.

मावशी : हे पेन घ्या बाई. मी सही करत नाही.

प्राचार्य : नीट विचार करा.

मावशी : केला. तो पोरगा परका, त्याचं मला एवढं लागलं नाही. पण माझ्या पोरीला आपल्याच माणसांवर हसायला कोणी शिकवलं, हे समितीला विचारायचंय मला. थोडं मीच शिकवलं असेन, मान खाली घालून. पण सगळं काही मी नाही शिकवलं. आज अर्धा दिवस घरी जाते. वरचे दोन मजले दुसऱ्या कोणाला तरी पुसायला सांगा.

मुलगी : मी येते तुझ्याबरोबर.

मावशी : नको. आता तुझा तास आहे ना? तो बुडवू नकोस.