फडात खोटंच बोलायचं असतं

एल्स्पेथ : म्हणजे सरळ त्याच्या आईवर गेलास?

कथबर्ट : राजापुढे शिव्यांच्या कवितांचा फड लागला की आईवर सगळेच जातात. त्याने नाही माझ्या आईला गाढवीण म्हटलं? सोळा ओळी म्हटल्या. राजा टेबलावर मुठी आपटत होता.

एल्स्पेथ : गाढवीण कुणाचीच आई नसते, म्हणून हसतात. तू काय म्हणालास ते सांग.

कथबर्ट : सांगितलं ना रात्री.

एल्स्पेथ : रात्री तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. आता तोंड माझ्याकडे आहे. बोल.

कथबर्ट : "वेशीबाहेर महारोग्यांत बसते तुझी आई, दूर व्हा म्हणत खुळखुळा वाजवी, गळक्या वाडग्यात भीक मागून खाई." झालं समाधान?

एल्स्पेथ : मग?

कथबर्ट : मग काही नाही. त्याची पाळी होती. निनियन म्हणजे राजाच्या देवघरातला पाद्री, लॅटिन पाठ, जिभेला धार. तीन वर्षं नाताळात आम्ही समोरासमोर उभे राहतोय, एकदा अडखळला नाही. काल उभा राहिला तो राहिलाच. तोंड चुन्यासारखं पांढरं. नुसता वळला आणि निघून गेला. फड संपल्यावर दोघांनी एकाच प्याल्यातून प्यायचं असतं, तोही तसाच राहिला.

एल्स्पेथ : खरं होतं तर.

कथबर्ट : मला काय ठाऊक! मी बनवलं! फडाचा नियमच आहे, खोटं बोलायचं. जितकं खोटं तितकी शिवी मोठी. त्याला मी चोर म्हटलं, अंथरुणात मुततो म्हटलं, उपासाच्या दिवशी बिशपची कोंबडी खातो म्हटलं. त्यातलंच एक हे. त्याची आई मेली असं तोच सांगतो सगळ्यांना.

एल्स्पेथ : आणि आता पॅट्रिक काय करील? तो दुसरा पाद्री, निनियनच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला?

कथबर्ट : करेल काय, गावच्या पंचांना घेऊन येईल. कपडे उतरवून अंग तपासतील. एक डाग दिसला की वेशीबाहेर. नाही दिसला तरी महारोगिणीचा मुलगा राजाच्या तोंडात प्रसाद घालणार? हाकलतीलच. आणि हे सगळं कुणी केलं? मी, कातडं कमावणाऱ्याच्या पोराने. का, तर वर बसलेल्या रेशमी ढेऱ्यांना हसवायला. आम्ही एकमेकांच्या अंगावर घाण फेकायची आणि त्यांनी हाडं चोखत बघायचं.

एल्स्पेथ : त्यांच्यावर नंतर चिड. आधी त्याच्याकडे जा.

कथबर्ट : कुठल्या तोंडाने?

एल्स्पेथ : ज्या तोंडाने म्हणालास त्याच.

(दार वाजतं. एल्स्पेथ उघडते. दारात निनियन, चिखलाने माखलेला.)

निनियन : वहिनी, तुमचा शिवराळ नवरा आहे का घरात?

एल्स्पेथ : आहे, पाद्रीबाबा. मारायचं असेल तर मारा, फक्त डोक्यात नको. पोट त्यावर चालतं आमचं.

कथबर्ट : निनियन, ऐक. मला माहीत नव्हतं. आईशप्पथ.

निनियन : आईची शपथ आज तू घेऊ नकोस.

कथबर्ट : म्हणजे... खरं आहे?

निनियन : खरं आहे. अकरा वर्षं झाली. मी नोकरीला लागलो त्याच हिवाळ्यात तिच्या हातावर डाग उठले. ती म्हणाली, मी मेले असं सांग. मी सांगितलं. तिच्यासाठी मेल्याची प्रार्थनासुद्धा म्हटली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मासे विकणारी मेरियन रोज पहाटे माझी भाकरी तिला नेऊन देते.

एल्स्पेथ : बसा आधी. ही घ्या बिअर. ओटची भाकरी गरम आहे.

निनियन : काल दिवाणखान्यातून निघालो आणि तबेल्यामागे उभा राहिलो. वाटलं, आता शिपाई येतील. रात्रभर उभा होतो. थंडीने नाही मेलो, तर भीतीने मरेन असं वाटलं. कुणीच आलं नाही. उजाडता उजाडता राजाचा कारभारी आला, हातात मशाल.

कथबर्ट : मग?

निनियन : मी म्हटलं, चला. तो म्हणाला, कुठे चला? पाद्रीबुवा, मेलेल्या माशासारखे गप्प काय उभे राहिलात काल? असली तद्दन थाप, आणि तिला उत्तर सुचू नये?

कथबर्ट : थाप?

निनियन : थाप! हसत होता रे तो. पाठीवर थाप मारली. म्हणाला, राजे नाराज आहेत, पण फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला तुम्हाला उत्तराची संधी देणार आहेत.

एल्स्पेथ : आणि पॅट्रिक?

निनियन : तेच तर सांगायला धावत आलो! पॅट्रिक आलाच. आम्ही दोघं उभे असतानाच आला. त्याला गेल्या उन्हाळ्यापासून संशय होता. म्हणाला, कारभारीसाहेब, ती बाई खरीच तिथे आहे, मी डोळ्यांनी पाहिली, तिची आणि याची हनुवटी एक आहे.

कथबर्ट : आणि कारभारी?

निनियन : कारभारी इतका हसला की मशाल पडली त्याच्या हातून. म्हणाला, अरे गधड्या, काल फडात ऐकलेली शिवी आज चाडी म्हणून सांगतोस? उद्या म्हणशील कथबर्टची आई खरंच गाढवीण आहे! तबेल्यात जाऊन तिचीही हनुवटी बघून ये! शिपायांनाही ऐकू गेलं. आता सगळा राजवाडा पॅट्रिकला पाहिला की गाढवासारखा ओरडतोय.

एल्स्पेथ : देवा! देवा रे!

निनियन : कळतंय का तुला कथबर्ट, तू काय केलंस? अकरा वर्षं मी हे लपवत होतो. आता लपवायचं काही उरलंच नाही. जो सांगेल तो तुझी ओळ चोरतोय असंच म्हणणार लोक.

कथबर्ट : मी तुला मारायला निघालो होतो, आणि...

निनियन : हो. नेम अगदी बरोबर होता.

कथबर्ट : हसू नकोस. चीड येते रे. म्हणजे या दरबारात खरं बोलायचं तर विदूषकाच्या तोंडूनच. सरळ सांगितलं असतंस की माझी आई आजारी आहे, तर तुला फाडून खाल्लं असतं त्यांनी. मी थट्टा केली, तर वाचलास.

निनियन : चीड तू ठेव. मला आज नको. अकरा वर्षांनी पहिल्यांदा भूक लागली आहे. वहिनी, अजून एक भाकरी?

एल्स्पेथ : चार घ्या. तिला कळलं का हे?

निनियन : ओळ रात्रीच गावभर झाली होती, मेरियनने पहाटेच जाऊन ती तिला म्हणून दाखवली. मला वाटलं, ऐकून खचेल. निरोप काय आला माहीत आहे? "वाडगा गळका नाही म्हणावं त्या कातडेवाल्याला. चांगला मजबूत आहे."

कथबर्ट : आई गं.

एल्स्पेथ : आता हसतोस की रडतोस, एक काहीतरी कर.

कथबर्ट : पुढच्या फडात वाडगा दुरुस्त करतो. तू उत्तर काय देणार?

निनियन : बघू. आधी तिकडे जातोय. आज, उजेडात, मुख्य वेशीतून. कुणी अडवलं तर म्हणेन, उत्तराच्या ओळी जमवायला चाललोय.

कथबर्ट : मी येऊ? माफी मागायची आहे.

निनियन : ये. पण महारोग्यांच्या कुंपणापाशी जरा मागे थांब.

कथबर्ट : का?

निनियन : दरवर्षी राजाचं दान वाटायला मी तिथे जातो. रांगेत तीही असते. मान खाली घालून भाकरी घेते आणि म्हणते, "देव भलं करो, पाद्रीबाबा." अकरा वर्षं. आज मी म्हणणार आहे, आई, नावाने हाक मार.