दादाच्या कानाचं ठिगळ

सांगा बरं, दंडातलं दोन चमचे रक्त काढलं म्हणून माणूस मरतो का? माझा थोरला भाऊ गेला त्या दिवशी मी जमलेल्या सगळ्यांना हेच विचारलं. मरतो, असंच सगळे धरून बसले होते.

दादाच्या कानाच्या पडद्याला भोक होतं. परभणीच्या डॉक्टरनं त्याचंच रक्त मशीनमध्ये फिरवून वरचं पिवळं पाणी घेतलं. कानामागच्या पातळ पापुद्र्याचं ठिगळ भोकाला लावलं आणि लवकर भरावं म्हणून त्यावर ते पाणी सोडलं. भोक भरतही होतं. तेवढ्यात ट्रॅक्टर पलटी झाला आणि दादा खाली सापडला.

मामा आला तो दारातूनच सुरू झाला. "तरी मी म्हणलो व्हतो, रक्त काढू नका. तिथंच ताकद गेली त्याची."

"मामा, ट्रॅक्टर अंगावर पडला."

"ट्रॅक्टर निमित्त असतंय रे."

ह्याच शहाण्यानं कान ठणकला की दादाच्या कानात लसणाचं कढत तेल ओतलं होतं. तेव्हा ताकद वाढत होती वाटतं.

अंगणात दादाला आंघोळ घालायला बसवलं. मामानं तांब्या थेट डोक्यावर नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"कानात पाणी जाऊ द्यायचं न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय."

"येड्या, आता कशाचा कान घेऊन बसलास?"

मी आत गेलो, व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा आणला, दादाच्या कानात नीट बसवला आणि मगच मामाला म्हणालो, "घाल आता."